ठरवून दिलेली चाल

लियों, १२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,

देवयानीचा साष्टांग नमस्कार.

फोन सोडून ही पत्र का लिहायला बसली, म्हणशील. अगं, तुमच्या घरचा फोन इंदूवहिनीच्या हातात, तोही कायम स्पीकरवर. मी इकडे शिंकले की तिकडे बालाजी घाटापर्यंत खबर. मागे मला सर्दी झाली, तर मराठी मंडळाच्या गोपीनाथरावांनी काढ्याची कृती पाठवली होती! हे काम गुप्त आहे. वाचून झालं की पत्र गॅसवर धर.

तर ऐक. सतरा नोव्हेंबरला मी बनारसला वाजवणार आहे. छावणीतल्या जुन्या चर्चमधला ऑर्गन वर्षानुवर्षं मुका होता, तो आता दुरुस्त झालाय. तुझी पेटी नव्हे, आणि आपल्या संगीत नाटकातला ऑर्गनही नव्हे. भिंतभर नळ्या, त्यांत भात्यानं हवा भरायची, तेव्हा तो बोलतो. याच वाद्यासाठी फ्रेंच उस्तादांनी जे लिहिलं, ते वाजवण्यात माझी चौदा वर्षं गेली. मैफली होतात, टाळ्या पडतात, पेपरात फोटो येतो. पण आत्या, हे वाद्य काखोटीला मारून नेता येत नाही. ते चर्चच्या भिंतीत असतं आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. चौदा वर्षं मी लोकांच्या चौक्यात स्वयंपाक करतेय. मीठ कुठं, हिंग कुठं, हे कळेपर्यंत निघायची वेळ होते.

आता एक जागा रिकामी होतेय. डोंगरातल्या एका गावी फार सुंदर ऑर्गन आहे. तिथं चाळीस वर्षं मादाम सोलांज वाजवतात. त्या निवृत्त होणार आणि आपला वारस स्वतः निवडणार. आम्ही चौघं उमेदवार. प्रत्येकाची एक मैफल त्या ऐकणार, आणि मग जानेवारीत शेवटची परीक्षा. माझी मैफल त्यांनी बनारसची निवडली, कारण त्यांना आपली कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी बघायची आहे. ही जागा मिळाली तर जन्मभराचं घर मिळालं. नाही मिळाली तर या वयात दुसरी कुठून यायची!

आता खरी गोची. इकडे रिवाज असा की मैफलीच्या शेवटी श्रोत्यांतून कुणीतरी एक चाल द्यायची आणि वादकानं तिथल्या तिथं, काहीही तयारी नसताना, त्या चालीचा अख्खा डोलारा उभा करायचा. ज्याला हे येत नाही त्याला इकडे ऑर्गनवादक म्हणतच नाहीत.

मला ते येत नाही.

शिकत असताना एकदा परीक्षेत चाल समोर आली आणि माझ्या पाचावर धारण बसली. हात पट्ट्यांवर, आणि डोक्यात नुसता पांढरा कागद. शेवटी उठून बाहेर गेले. तेव्हापासून माझा मित्र लुक दर मैफलीत श्रोत्यांतून उभा राहतो आणि मीच रचलेली, महिनाभर घोटलेली चाल मला "देतो". मी कपाळाला आठ्या घालून विचार केल्यासारखं करते आणि वाजवते. लुक बनारसला येणार नाही. तू आहेस. सोबत चाल पाठवलीय. तेवढी उभी राहून गा, बस्स.

करशील ना?

तुझी,
देवयानी


बनारस, ३० ऑगस्ट २०२४

चि. देवयानीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गॅसवर धरलं नाही. इंदू म्हणाली असती, सासूबाई आता घर पेटवायला निघाल्या. पेटीच्या आत लपवलंय. तेव्हापासून पेटी दमेकऱ्यासारखी वाजते आणि इंदू मला म्हणते, "आई, ठीक से दाबा ना भाता."

म्हणजे थोडक्यात, तू चोरी करणार आणि मी पहाऱ्याला उभी राहणार. वा गं वा! जन्मभर शाळेत गाणं शिकवलं, परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरींचे कान पिळले, आणि म्हातारपणी हे काम आलं. पण करीन. वाढपी आपला असला की पंगतीत कुठंही बसावं म्हणतात, आणि तू तर थेट आत्यालाच पळी हातात दिलीस.

एक विचारते. इंदूनं मोबाइलवर तुझा व्हिडिओ दाखवला. तू हातांनी वाजवतेस ते ठीक, पण खाली पायांनीही वाजवतेस? अगं, वाद्याला चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो. तू किती नमस्कार करशील? तुझ्या आतोबांनी हे पाहिलं असतं तर शास्त्रीबुवांना प्रायश्चित्ताचा नवा अध्याय लिहावा लागला असता.

दुसरं असं, की ते पाच तारांवर बसलेले काळे मुंगळे मला वाचता येत नाहीत. सरगम लिहून पाठव.

तिसरी बातमी जरा वाईट आहे. मंडळात मी एवढंच म्हटलं होतं की शेवटी श्रोत्यांतून कुणीतरी चाल देतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! गोपीनाथराव मंडळाचे सेक्रेटरी, म्हणजे पहिला मान आपला, असं त्यांनी ठरवून टाकलंय. स्वतःच एक चाल बांधतायत. काल म्हणून दाखवली. अर्ध्या तासाची आहे, आणि मधे दोनदा "थांबा, हे नाही" म्हणतात. शिवाय त्यांनी पत्रकं छापून आणली, त्यावर "नाट्यपदांची सुरेल मेजवानी" असं ठोकून दिलंय. मी विचारलं, ते कशावरून? तर म्हणे, ऑर्गन म्हटल्यावर दुसरं काय असणार!

आता हा बखेडा कसा निस्तरायचा ते तूच सांग.

तुझी,
आत्या


लियों, २० सप्टेंबर २०२४

ती. आत्यास सा. नमस्कार.

अगं बाई, गोपीनाथरावांना आवर! भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झालीय. ते उभे राहिले तर मी संपले. शब्दशः संपले, चेष्टा नाही. मादाम पहिल्या रांगेत वही उघडून बसणार आणि मिळालेली चाल उतरवून घेणार. त्यामुळे एक देऊन दुसरीच वाजवणं, ही सोयही नाही.

ही घे सरगम. गंधार आणि निषाद कोमल:

सा ग म प, नि ध प, म ग रे सा.

एवढीच. सोपी आहे, कारण सोप्या चालीवर मोठी इमारत उठली की लोक जास्त चकित होतात. माझी इमारत तयार आहे. तिसऱ्या मिनिटाला चाल पायांत येते, सहाव्याला सगळ्या नळ्या उघडतात, दहाव्याला असा काही शेवट होतो की मागच्या वेळी एक आजोबा रडले. रोज सकाळी घोटतेय.

पायांचं म्हणशील तर त्यासाठी वेगळे बूट असतात, ते रस्त्यावर कधी घालत नाही. सोवळ्यातले समज. आतोबांना चाललं असतं.

कधीकधी वाटतं की हे असं किती दिवस चालणार. पण मग ती परीक्षा आठवते आणि मी पुन्हा घोटायला बसते. एवढी एक मैफल पार पडू दे, आत्या. मग बघू.

तू नक्की गाशील ना? शब्द दे.

देवयानी


बनारस, १२ ऑक्टोबर २०२४

चि. देवयानीस आशीर्वाद, आणि आज दसऱ्याचं सोनंही.

दिला शब्द. तू लिहिलेले स्वरच गाईन, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. झालं समाधान?

गोपीनाथरावांचा बंदोबस्त झाला. मी चर्चमध्ये जाऊन आले. पादरीबाबा भला माणूस आहे, गोरखपूरकडचा, आपल्यासारखंच हिंदी बोलतो. त्यानं सांगितलं, भात्याला वीज लागते, आणि बत्ती गुल झाली तर मागच्या बाजूला एक दांडा आहे, तो हातानं वरखाली करायचा. मी लगेच मंडळात गेले आणि सर्वांसमोर म्हटलं, "गोपीनाथराव, चाल काय, कुणीही देईल. पण देवयानीचा प्राणवायू कुणाच्या हाती सोपवायचा? भरवशाचा माणूस हवा." त्यांची छाती बघता बघता फुगली. आता रोज सकाळी गच्चीवर दंड काढतात आणि लोकांना सांगतात, "सगळा दारोमदार हवेवर असतो, गुरू!"

मादामबाईंची काळजी करू नकोस. मुन्शी घाटाजवळ उतरणार असं फोनवर म्हणालीस ना? मी स्वतः जाऊन भेटेन. माझं इंग्रजी शाळेच्या इन्स्पेक्टरणीपुरतं आहे, पण तेवढं पुरेल. देवदिवाळीचे दिवे दाखवीन, दशाश्वमेधच्या गर्दीत हात धरून ठेवीन, आपल्याकडचा चिवडा खायला घालीन. पोटात चिवडा गेला की माणूस आपला होतो.

तुझं रोजचं ते दहा मिनिटांचं घोटकाम वाचून मला मात्र हसू आलं. अगं, तू एवढीशी होतीस तेव्हा पेटीवर बसलीस की उठायची नाहीस. चुकायचीस आणि चुकीलाच धरून पुढं जायचीस. ती पोरगी कुठं गेली गं?

जाऊ दे. म्हातारीची बडबड आहे. तू ये.

आत्या


लियों, २५ नोव्हेंबर २०२४

आत्या,

नमस्कार लिहायची इच्छा नाही, पण तुझ्या वयाला केलाय असं समज.

मैफलीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान, आणि त्याआधी सगळं मंडळ पेढे घेऊन भोवती. तुझ्याशी भांडायला दोन मिनिटं एकांत मिळाला नाही. ते भांडण आता कागदावर घे.

सगळं किती छान चाललं होतं! पादरीबाबा नको नको म्हणत असताना तुम्ही सगळ्यांनी चर्चच्या दारात चपला काढल्या, ते बघून मादामनीही बूट काढले आणि मोजे घालून पहिल्या रांगेत बसल्या. फ्रेंच संगीत इतकं चांगलं मी गेल्या वर्षभरात वाजवलं नव्हतं. मग पादरीबाबांनी विचारलं, चाल कोण देणार? आणि तू उभी राहिलीस. जरीकाठी साडी, ताठ मान. मनात म्हटलं, वाघीण आहे माझी आत्या!

आणि तू गायलीस काय, तर: सा ग, ग सा, सा ग.

मला वाटलं, बिचारी गडबडली, पुन्हा सुरू करेल. तर पुढं: ग म, म ग, ग म. मग म प, प म, म प. एक पाऊल पुढं, एक मागं, पुन्हा पुढं. शांतपणे, सुरात, शेवटच्या सा पर्यंत! स्वर सगळे माझेच. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. पण माझी चाल कुठं होती त्यात? मादामची पेन्सिल भराभर चालत होती. माझी इमारत, माझी दहा मिनिटं, रडणारे आजोबा, सगळं चौपट, पार जमीनदोस्त!

मी हात पट्ट्यांवर ठेवले. डोक्यात पुन्हा तोच पांढरा कागद. कुणीतरी खोकलं. मी उठणारच होते, आत्या, खरंच. एक पाय बाकावरून काढलाही होता.

मग एकदम ओळख पटली. ही तर जटा! आतोबा ओसरीवर पोरांकडून वेद घोकून घ्यायचे, तो जटापाठ. दोन शब्द सुलटे, तेच उलटे, पुन्हा सुलटे, मग पुढची जोडी. पिढ्यान्पिढ्या एक अक्षर इकडचं तिकडं होऊ नये म्हणून. मी शेजारच्या खोलीत अभ्यास करताना ते ऐकून ऐकून कंटाळले होते. तू माझ्या चालीची जटा करून माझ्या अंगावर फेकलीस!

मला इतका राग आला की भीती वाटायचीच राहून गेली. पायांनी सरळ चाल धरली, डाव्या हातानं उलटी, आणि उजवा हात त्यांच्या मधे भांडत सुटला. मधे कितीतरी चुकलं. चुकलेलं पुन्हा मुद्दाम वाजवलं. मग बत्ती गुल झाली. अंधारात मागून गोपीनाथरावांचा "जय शिवाजी!" ऐकू आला आणि दांडा असा चालू झाला की नळ्या किंचाळायला लागल्या. थांबावं कुठं, मला कळेना, कारण शेवट ठरवलेलाच नव्हता. शेवटी गोपीनाथरावांचाच दम संपला. हवा ओसरली, सूर खाली खाली घसरत गेले आणि विझले. लोकांना वाटलं, हाच शेवट. टाळ्या वाजल्या.

मादाम काय म्हणाल्या माहीत आहे? "मेर्सी." म्हणजे नुसतं थँक्यू. आणि बूट शोधायला गेल्या. बस्स. ना हात हातात घेतला, ना कौतुक. तेव्हापासून त्यांच्याकडून एक ओळ नाही.

तू शब्द दिला होतास. ही जागा म्हणजे माझ्यासाठी काय आहे, हे तुला ठाऊक होतं. तरी का केलंस?

देवयानी


बनारस, १२ डिसेंबर २०२४

चि. देवयानीस आशीर्वाद. रागावलीस तरी आशीर्वादच.

गोपीनाथराव अजून अंथरुणात आहेत. खांद्याला मलम चोळून घेतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "शेवट मी केला." त्यामुळं मैफल पूर्ण वाया गेली असं म्हणता येणार नाही.

आता का केलं ते ऐक. देवदिवाळीच्या दिवशी सकाळी सोलांजबाईंना घेऊन मी बालाजी घाटावर गेले. त्यांना गंगेत पाय घालून बसायचं होतं. बसलो दोघी खालच्या पायरीवर, पाय पाण्यात, मधे चिवड्याचा डबा. बोलता बोलता बाईंनी विचारलं, "उद्या परवा तुम्ही तिला जी चाल देणार, ती तिला आधी माहीत आहे का?"

माझ्या तोंडून चटकन निघून गेलं, "छे, छे! तिला काही माहीत नाही."

बोलले आणि खाली पाहिलं, तर पाय गंगेत! आता तू म्हणशील, त्यात काय? अगं, तू बनारसची ना? गंगेत उभं राहून आपल्याकडं कुणी खोटं बोलतं का? कोर्टात बोलतील, बायकोशी बोलतील, पण गंगेत पाय असताना नाही. तुझ्या आतोबांचं तर ठाम मत होतं की तिथं बोललेलं खोटं जन्मोजन्मी फेडावं लागतं. मग मी काय करायचं? तिकडं तुला दिलेला शब्द, इकडं गंगेला दिलेला. दोन दिवस झोप नाही. तुझेच स्वर गायला हवेत, आणि चाल तर तुला माहीत नसायला हवी.

शेवटी आतोबांचीच जटा आठवली. स्वर तुझे, चाल नवी. गंगाही खरी, मीही खरी. आता तूच सांग, दुसरं काय करता आलं असतं?

बाकी, वाजवलंस ते कसं होतं हे तुला नीट कळलेलं दिसत नाही. इंदू, जी तुझे व्हिडिओ बघताना जांभया देते, ती पदर तोंडाला लावून बसली होती. पण मी कशाला सांगू? तू रागावली आहेस.

आत्या


लियों, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास साष्टांग, साष्टांग, साष्टांग नमस्कार.

मिळाली! जागा मिळाली गं! किल्ली माझ्या हातात आहे. लोखंडी आणि एवढी मोठी आहे की पर्समध्ये मावत नाही.

आता क्रमानं सांगते. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस धुसफुसले. मग लाज वाटली. माझी आत्या गंगेत पाय असताना एक खोटं बोलली, तर ते खरं करायला तिनं एवढी धडपड केली. आणि मी? वर्षानुवर्षं लुकला उभा करून आठ्या घालतेय! परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी मादामच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. लुक, घोटलेली दहा मिनिटं, तुला पाठवलेली चाल, सगळं. म्हटलं, आता बाद करायचं तर करा.

मादाम मांजरीला दूध पाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो दाढीवाला हल्ली कुणाला चाली देतो?"

आत्या, त्यांना माहीत होतं! मागच्या वर्षी त्या माझ्या तीन मैफलींना तिकीट काढून गुपचूप मागे बसल्या होत्या, आणि तिन्ही वेळा एकच दाढी उभी राहिली. मी जमिनीत गडप व्हायची बाकी होते. मी विचारलं, "मग सराव करू का नको?" तर म्हणाल्या, "अजिबात नको. सराव करूनच तुझं वाटोळं झालंय."

परीक्षेच्या दिवशी मादामनी पाकीट दिलं. आत फक्त चार स्वर. भीती वाटली. खोटं कशाला सांगू! पण बनारसला मी बुडता बुडता वर आले होते, ते हातांना आठवत होतं. पहिलाच सूर चुकीचा लागला, मग मी त्यालाच धरून पुढं गेले. किती वेळ वाजवलं, माहीत नाही. थांबले तेव्हा मी रडत होते, आणि या वेळी कुणी आजोबा नव्हते, मीच होते.

अठरा मे रोजी तिथं माझी पहिली मैफल. नव्या वादकाच्या पहिल्या मैफलीत चाल कुणी द्यायची, हे जुना वादक ठरवतो. मादामनी तुझं नाव सांगितलंय. तिकिटाचं मी बघते. तुला यावंच लागेल. तू बोललेलं खरं केलंस म्हणून मी खरी झाले, आत्या. हे माझ्या हातून नीट लिहून होत नाही, पण तू समजून घे.

तुझीच,
देवयानी


बनारस, २४ फेब्रुवारी २०२५

चि. देवयानीस अनेक, अनेक आशीर्वाद.

इंदूनं पत्र मोठ्यानं वाचलं. आता लपवण्यासारखं काय उरलंय! गल्लीत पेढे वाटले. गोपीनाथरावांना वाटतं, ही जागा त्यांच्या खांद्यामुळं मिळाली. मी त्यांना एक पेढा जास्त दिला.

पण तिकीट काढायच्या आधी हे वाच. इंदूला बाजारात पाठवून लिहितेय.

गंगेत पाय घालून मी खोटं बोलत नाही, हे अगदी खरं आहे. म्हणून त्या दिवशी मी खरंच बोलले होते. सोलांजबाईंनी विचारलं, तिला चाल आधी माहीत आहे का? मी म्हटलं, "हो, माहीत आहे. तिनंच पाठवलीय." खोटं बोलले ते मागच्या पत्रात, तुझ्याशी. ते मी घरी खुर्चीत बसून लिहिलं, पायांत सपाता होत्या. त्यामुळं गंगेकडं माझं काही देणं नाही, तुझ्याकडं आहे.

मग बाईंनी तुझ्या त्या दाढीवाल्याची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "तिचे हात या चौघांत सगळ्यात चांगले आहेत. पण ठरलेलंच वाजवणाऱ्या माणसाला मी माझा ऑर्गन देणार नाही. मी तिचं नाव यादीतून काढणारच होते. इथवर आले ती एकदा शेवटचं बघून घ्यायला." तुझ्यासाठी रडू, भांडू की हात जोडू, तेच मला कळेना. शेवटी विचारलं, "तिला अनोळखी चाल दिली आणि ती वाजवू शकली, तर?" बाई म्हणाल्या, "तर बघू." जटेची युक्ती माझी. पण तुला दगा द्यायचं दोघींनी मिळून ठरवलं, चिवडा खात खात. एवढी चालू बाई मी आयुष्यात पाहिली नाही. फार आवडली मला.

पण तुला एक सांगते. तू हात पट्ट्यांवर ठेवून थांबलीस ना, आणि एक पाय बाकावरून काढलास, तो मला दिसला. त्या क्षणी मला वाटलं, मी माझ्या पोरीचा घात केला. आता ही उठून जाईल आणि पुन्हा कधी वाजवणार नाही, आणि हे मी केलं. देवाला मी फारसं मागत नाही, पण त्या चर्चमध्ये, तिथल्या देवालाच, म्हटलं, बाबा रे, तुझ्या घरात आहे, सांभाळ तिला. तू वाजवायला लागलीस तेव्हा मला ऐकूच येईना, मी अजून त्याचीच विनवणी करत होते. लोक सांगतात फार छान झालं. मी ते ऐकलंच नाही. म्हणून मला एकदा नीट ऐकायला यायचं आहे.

तू खरी झालीस ती माझ्या खोट्यामुळं, असं निघालं. आता रागावायचं तर रागाव, बेत रद्द करायचा तर कर. मी समजून घेईन. पण नाही केलास, तर पासपोर्टसाठी केयूरला सोबत घेऊन जाते. आपल्या इंदूचा मुलगा आता एवढा मोठा झालाय की ऑफिसात माझ्याऐवजी तोच भांडतो.

चाल तयार आहे. कोणती ते विचारू नकोस. या वेळी सोलांजबाईंनाही सांगितलेली नाही.

तुझी,
आत्या